फोडणीआधीची वाटी

पत्र

डॉक्टर, आमच्याकडे गुंड्या आहे. पाच वर्षांचा, बारा किलोचा, अर्धा गावठी आणि अर्धा कोण ते देवालाच ठाऊक. मागच्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. पाहुणे उठल्यावर आवराआवर चालली होती, तेवढ्यात गुंड्याने प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं खाली ओढलं आणि तळाशी राहिलेला तीन-चार वाट्या शिरा चाटूनपुसून खाल्ला. आम्ही सांगलीचे, बेदाणे घालताना हात आखडत नाही. भाचीने मोबाइलवर पाहिलं, म्हणाली बेदाणे कुत्र्याला विष असतात. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला उलटी करवली, दोन दिवस सलाईन लावलं, तीनदा रक्त तपासलं. गुंड्या आता ठणठणीत आहे, पण बिल बघून सासूबाई संतापल्या. त्या म्हणतात, डॉक्टरांनी लुबाडलं. "आमच्या वाड्यावरचा मोत्या पंधरा वर्षं आमटी-भाकरी खाऊन जगला. आणि देवाचा प्रसाद कधी बाधतो होय?" गुंड्यावर सगळ्यांत जास्त जीव त्यांचाच. रोज जेवताना ताटातला घास त्याला देतात. मी इंटरनेटवरची एक यादी छापून फ्रिजवर लावली, तर दुसऱ्या दिवशी ती लोणच्याच्या बरणीखाली होती. कोण बरोबर, आणि आता करू काय?
एक सून, सांगली

उत्तर

ताई,

तुमच्या डॉक्टरांनी लुबाडलं नाही, हे आधी सांगते. त्यांनी केलं त्यातलं एकही काम मी वगळलं नसतं. उलट तुमच्या भाचीला एक साडी घ्या, कारण गुंड्या वाचला तो त्या पहिल्या तासात.

बेदाण्यांचं विष विचित्र आहे. खाल्ल्यावर कुत्रा एखाददुसरी उलटी करतो, थोडा मलूल होतो आणि मग बरा वाटतो. घरचे म्हणतात, झालं, निवळलं. किडनीचं बिघडणं रक्तात दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि जेव्हा कुत्रा अन्न सोडतो, पाणी पीत राहतो, लघवी कमी होते, तेव्हा आपल्या हातात फार काही उरलेलं नसतं. यावर उतारा नाही. पोटातलं बाहेर काढायचं, सलाईनने किडन्या धुऊन काढत राहायचं आणि क्रिएटिनीन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साचणारा कचरा, वाढतं का ते रोज बघायचं, एवढंच. तीनदा रक्त तपासलं ते यासाठी. पहिल्या दिवसाचा नॉर्मल रिपोर्ट बघून घरी पाठवलेले कुत्रे तिसऱ्या दिवशी परत आलेले मी पाहिलेत.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्या मी आधी मान्य करते.

पहिली म्हणजे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा आमच्या विषशास्त्राच्या वहीत धोतरा होता, कण्हेर होती, उंदीर मारायचं औषध होतं. द्राक्ष नव्हतं. द्राक्षं-बेदाणे खाऊन कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी लिहिलं ते 2001 च्या सुमारास, आणि त्यांनाही त्यामागचं कारण सापडत नव्हतं. कुणी म्हणे फवारणीचं औषध, कुणी म्हणे बुरशी. 2021 मध्ये तिथल्याच विषतज्ज्ञांनी बोट ठेवलं ते टार्टारिक आम्लावर. द्राक्षाचा आंबटपणा बराचसा या आम्लाचा. माणसाची किडनी ते बिनबोभाट बाहेर टाकते, कुत्र्याच्या किडनीला ते जमत नाही असं दिसतं. तेव्हा सासूबाईंना हे ठाऊक नसणं यात त्यांचा काय दोष? मलाही पदवी घेतल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

दुसरी गोष्ट, बेदाणे खाऊन काहीही न झालेले कुत्रे खरोखर असतात, आणि भरपूर असतात. द्राक्षाची जात, ते किती पिकलं, कुठल्या मातीतलं, यावर हे आम्ल कमीजास्त होतं, त्यामुळे अमुक इतकं चालतं असा आकडा कुणी छातीठोकपणे देत नाही. नोंदलेल्या केसेस बघितल्या तर किलोला तीन ग्रॅमच्या आसपास बेदाण्यांनीही किडनीला इजा झालेली आहे. गुंड्याच्या वजनाला हिशेब केला तर पस्तीस ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. आणि चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे सांगलीकरांना मी सांगायला नको. जे द्राक्षात पसरलेलं असतं ते बेदाण्यात दाटून बसतं.

पण मोत्याचं काय? मोत्याच्या काळी बेदाणे पुडीत यायचे. शिऱ्यात मोजून घातले जायचे आणि घरातल्या धाकट्या पोराच्या वाट्याला दोन आले तर त्याची चैन होती. मोत्याला शिऱ्याचं पातेलं कोण देणार होतं? त्याला मिळायची भाकरी, शिळी, आमटीत नाहीतर ताकात कुस्करलेली. बाकी पोट तो स्वतःच भरून यायचा. शिवाय आपण गोष्ट सांगतो ती पंधरा वर्षं जगलेल्या मोत्याची. त्याच्या आधीचा एखादा चौथ्या वर्षी खंगून गेला असेल, तर लोक म्हणाले असतील, काहीतरी वावडं खाल्लं बिचाऱ्याने. तेव्हा कुणी रक्त तपासत नव्हतं.

प्रसादाचं सांगायचं तर मला यात एक गंमत वाटते. नैवेद्याच्या ताटात कांदा-लसूण नसतो, म्हणून ते गुंड्याला सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या सात्त्विक ताटातच त्याच्या जिवाला घोर लावणारी मंडळी बसलेली असतात. शिऱ्यात बेदाणे. गणपतीच्या खिरापतीत खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बऱ्याच घरांत पाचवा ख म्हणजे खिसमिस. आणि चिंच-गुळाचं पंचामृत.

चिंच वाचून थबकलात ना? मीही थबकले होते. टार्टारिक आम्ल सगळ्यांत जास्त कशात असेल तर ते चिंचेत. बेदाण्यांचा उलगडा झाला त्याच सुमारास चिंच खाऊन तशाच किडन्या बिघडलेल्या कुत्र्यांच्याही नोंदी पुढे आल्या. परदेशी यादीत चिंच तळाशी एखाद्या ओळीत सापडली तर नशीब, कारण त्यांच्या ओट्यावर ती नसतेच. तुम्ही फ्रिजवर लावलेली यादी मी पाहिलेली नाही, पण अंदाज सांगते: मॅकाडेमिया नट, अॅव्होकॅडो आणि वाइन वरच्या पाचांत असणार. मॅकाडेमियाने कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात हे खरंच आहे. पण सांगलीत गुंड्याला ते देतंय कोण? सासूबाईंनी ती यादी बरणीखाली घातली यात मला त्यांचं फारसं चुकलं असं वाटत नाही.

आता घाबरून जाऊ नका. आमटीचं बोट चाटलं म्हणून गुंड्याला उचलून पळायची गरज नाही, फोडणीच्या वाटीभर आमटीत चिंच ती किती. पण चिंचेचा कोळ केलेलं भांडं, भिजवलेली चिंच, भेळेची आंबटगोड चटणी, मुलांचे चिंचेचे गोळे, हे त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. खाल्लं तर बेदाण्यांसारखंच समजा.

आमटीतला दुसरा भिडू कांदा-लसूण. तुमच्याकडे तर कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही. कांद्यातले गंधकाचे घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधतात, पेशी फुटायला लागतात. शिजवून, तळून, वाळवून हे जात नाही. उलट मसाल्यात किंवा भुकटीत पाणी उडून गेलेलं असल्यामुळे थोडक्यात जास्त पोटात जातं, आणि लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा कितीतरी जहाल. किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा एकदम खाल्ला की रक्तात फरक दिसू लागतो. गुंड्याला दोन-अडीच मध्यम कांदे पुरतील. भज्यांची परात हाती लागली तर हे सहज होतं. पण मला जास्त भीती वाटते ती रोजच्या घासाची. आज रश्शात बुडवलेली भाकरी, उद्या लसणाच्या चटणीचा तुकडा, परवा पिठल्याची कढई. शरीर एकीकडे नव्या पेशी करत राहतं, एकीकडे त्या फुटत राहतात, आणि कुत्रा नुसता "हल्ली जरा आळसावलाय" एवढंच दिसतं.

आज संध्याकाळी गुंड्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडी बघा. कशी गुलाबी आहे ते नीट डोळ्यांत ठेवा. बोटाने दाबलं की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. महिन्यातून दोनदा बघत जा. कांदा खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी ती फिकट किंवा पिवळट दिसली, लघवी चहासारखी लालसर काळी झाली, जिना चढताना धाप लागली, तर लगेच रक्त तपासायला न्यायचं. काय खाल्लं होतं ते तोवर सगळे विसरलेले असतात, म्हणून सांगते.

विषाचं झालं. आता जे विष नाही आणि तरीही कुत्र्याला ऑपरेशनच्या टेबलावर नेतं, त्याबद्दल. हे मी स्वतःच्या घरातून सांगते, म्हणजे उपदेश वाटणार नाही.

मे महिना होता, घरात आंब्याची पेटी, रसाचा बेत. कोयी मी एका ताटलीत काढून ठेवलेल्या आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. आमची लॅब्रेडोर तेव्हा सात वर्षांची. परत आले तेव्हा ताटलीत कोयी मोजक्याच दिसत होत्या, पण किती होत्या हे मोजलं होतं कुणी? दुसऱ्या दिवशी तिने सकाळचं खाल्लेलं उलटून टाकलं. उन्हाळा आहे, पित्त झालं असेल, असं मी, पंचवीस वर्षं कुत्रे तपासणारी बाई, स्वतःला सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी पाणीही ठरेना. एक्स-रेत नुसता वायूने फुगलेला आतड्याचा वळसा दिसला, कोय हाडासारखी ठसठशीत दिसतच नाही. सोनोग्राफीत सापडली. माझ्याच एका सहकाऱ्याने ऑपरेशन करून काढली ती कोय अजून तंतूंसकट पिवळी होती. त्याने ती ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "हापूस?" मी वर मान करून बघितलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कोयी झाकणाच्या डब्यात जातात. पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दाणे खाऊन उरलेला दांडा तसंच करतो, आणि रविवारी मटणाची नळी. हाडांबद्दल लोक वाद घालतात की कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर कुणाला. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, कोंबडीचं तर सुईसारखं चिरतं, आणि घशापासून ढुंगणापर्यंत कुठेही रुततं. शिजलेली हाडं द्यायची नाहीत, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

बाकीचं भराभर सांगते. चॉकलेट वाईट हे आता पोरांनाही माहीत आहे, पण किती वाईट हे चॉकलेटवर आहे. बारा किलोच्या गुंड्याला साध्या दुधाच्या चॉकलेटचे शंभर-सव्वाशे ग्रॅम गेले तर पोट बिघडेल, बेचैन होईल. डार्क असेल तर पन्नास ग्रॅमही तेवढंच करेल, आणि केकसाठी आणलेली कोको पावडर दोन-तीन चमचे. याच्या दुपटी-तिपटीला हृदयाचे ठोके आणि झटके यांची भीती. त्यातला थिओब्रोमीन नावाचा पदार्थ कुत्र्याच्या अंगातून निम्मा जायलाच सतरा-अठरा तास घेतो. कॉफी आणि चहा त्याच घराण्यातले. गुलाबाच्या कुंडीत घातलेला चहाचा चोथा उकरून खाणारे महाभाग मी पाहिलेत. घरात कुणाला मधुमेह असेल तर साखर नसलेलं च्युइंगगम, गोळ्या, टूथपेस्ट यांवर झायलिटॉल हे नाव आहे का तेवढं बघा. त्याने कुत्र्याची साखर अर्ध्या तासात धाडकन उतरते, आणि जास्त गेलं तर यकृत जातं. चहात टाकायच्या गोड गोळ्यांत बहुधा दुसरंच काही असतं, पण लेबल वाचायला काय जातं. ओल्या कचऱ्याच्या बादलीला झाकण ठेवा, कारण बुरशी आलेल्या भाताने किंवा पावाने अंगाला कापरं भरतं. यीस्ट घालून फुगायला ठेवलेली पावाची कणीक पोटात जाऊन फुगतच राहते आणि वर दारूही तयार करते. दिवाळीत चकल्या-शेवेचा डबा आणि पुरणपोळीवरचं तूप यांनी स्वादुपिंडाला सूज येते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अशा पाच-सहा कुत्र्यांना तरी मी सलाईन लावलेलं असतं. दूध विष नाही, पण मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा जुलाब होतात. ताक, दही त्यापेक्षा सोसतं.

आणि एक. गुंड्याने पुन्हा काही खाल्लंच, तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. मिठानेच कुत्रे मेलेले आहेत. घशात बोट नको, वरून दूध-तूप पाजणं नको. डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी सांगायच्या: वजन किती, काय खाल्लं, किती, किती वाजता. वेष्टण असेल तर बरोबर न्यायचं. उलटीचं इंजेक्शन पहिल्या दोनेक तासांत खरं उपयोगी पडतं, म्हणून "संध्याकाळपर्यंत बघू" असं म्हणायचं नाही. आणि पोट दुखतंय म्हणून माणसाची गोळी तर मुळीच द्यायची नाही. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, क्रोसिन, यांतलं काहीही.

आता फ्रिजवरची यादी. ताई, ती काढून टाका. सासूबाईंनी गेली चाळीस-पन्नास वर्षं ज्या हाताने घास भरवले, त्या हातासमोर तुम्ही नकारांचा कागद चिकटवलात. तुम्हीच सांगा, कुणी ऐकलं असतं? तुमचा हेतू चांगला होता, पण तो कागद त्यांना "तुम्हाला कळत नाही" असंच म्हणत होता. त्यांना काय द्यायचं नाही हे सांगण्याआधी काय द्यायचं ते हातात द्या.

पुढचा मजकूर त्यांना वाचून दाखवा, तो त्यांच्यासाठी आहे.

आजी, नमस्कार. गुंड्या तुमच्या ताटाशी बसतो तो अन्नासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त, हे मला इथे बसून कळतं. त्याचा घास बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त तो कधी काढायचा ते बदला. तुम्ही नैवेद्य कुणी चव बघायच्या आधी काढता, गोग्रास पहिला काढता. तशीच गुंड्याची वाटी फोडणीआधी काढा. कुकर उघडला, वरण घोटलं, की मीठ-हळद-चिंच-लसूण काहीही पडायच्या आधी एक लहान पळी वरण आणि मूठभर भात त्याच्या वाटीत. लाल भोपळा चिरताना दोन फोडी बिनमिठाच्या वाफवून ठेवा, गाजराचा तुकडा कच्चाच द्या, कुरकुर वाजवत खाईल. अंडं उकडलेलं चालतं. भाकरीचा पापुद्राही चालतो, नुसता, कोरडा. हे त्याच्या नेहमीच्या जेवणाच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही, आणि एवढ्या गोष्टी एका दिवशी सगळ्या नकोत, नाहीतर महिन्याभरात तो पिंप होईल. जेवताना तो तुमच्या तोंडाकडे बघेल तेव्हा या वाटीतलं एक-एक द्या. त्याला ताट कोणतं आणि वाटी कोणती याच्याशी देणंघेणं नाही, हात तुमचा असला की झालं.

आणि प्रसादाचं. देवाचा प्रसाद बाधत नाही हे तुमचं म्हणणं मी कशाला खोडू. पण सत्यनारायणाला सव्वाच्या मापाने रवा घेता तेव्हा चमचाभर कोरडा भाजलेला रवा बाजूला काढा, नुसत्या पाण्यात शिजवा, केळ्याची एक चकती कुस्करा, आणि तुमच्याच हाताने त्याला द्या. साखर, तूप आणि बेदाणे पाहुण्यांना.

ताई, परत तुमच्याशी. गुंड्याचं क्रिएटिनीन आणखी एकदा, महिना झाला की, तपासून घ्या. आधीचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी मी माझ्या कुत्र्याचं तपासलं असतं. त्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या. रक्त काढताना कुत्र्याचं डोकं कुणीतरी धरावं लागतं, आणि गुंड्या त्यांच्या हाताखाली जितका शांत बसेल तितका तुमच्या बसणार नाही. तिथे डॉक्टरांना जे विचारायचं ते त्यांनाच विचारू द्या, बिलासकट.